आधी मीटर दाखवा

"मशीन नंतर. आधी मीटर दाखवा."

कुणाच्याही घरी कॉम्प्युटर बघायला गेले की सरांचं पहिलं वाक्य हेच. बियाण्यांच्या दुकानवाले शेठ तर घाबरून जुनी लाइटबिलं काढून बसले. त्यांना वाटलं, लाइट ऑफिसची धाड पडली.

सर म्हणाले, "चोरी करता का ते विचारलं नाही. ते करतच असाल. लाइन कुठली ते सांगा."

लाइन निघाली सरकारी दवाखान्याची. म्हणजे लाइट कमी जाणार. सरांनी लगेच चपला काढल्या आणि आत.

तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटर निवडायला लाइन कशाला? थांबा, सांगते. मला सगळंच एकदम सांगायचं असतं. सर म्हणायचे, "तुझी बोटं गाडी पकडून पुढं गेली, डोकं अजून स्टँडवरच उभंय." मी परभणीत काकांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंग शिकवते. तिथंच मला सर भेटले.

सर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. मूळचे बोरीच्या बौद्धवाड्यातले. नोकरी टेंपररी. मार्चअखेर पीएच.डी.चा प्रबंध दिला तर नोकरी पक्की, नाही तर घरी. प्रबंध होता जमिनीखालच्या पाण्यावर, बोरीपासून पोखर्णीपर्यंत ते कुठून कुठं सरकतं त्याच्यावर. आकडेमोड इतकी अफाट की एका मशीनला वर्ष पुरलं नसतं. कॉलेजात एक कॉम्प्युटर होता, पण त्याच्यावर मखमलीचं झाकण आणि खोलीला कुलूप. "दर्शन फक्त दसऱ्याला," सर म्हणायचे.

मग सरांनी काय केलं बघा! नकाशाचे तीन चौकोन पाडले आणि ते तीन घरच्या मशिनींना वाटून दिले. लोकांचे कॉम्प्युटर रात्रभर मोकळेच असतात ना? ते मोकळे तास सरांनी मागून घेतले. संध्याकाळी काम संपलं की प्रोग्राम लावायचा, सकाळी बंद करायचा. मध्येच लाइट गेली की चाललेली आकडेमोड वाया. म्हणून आधी मीटर.

निवडायची तऱ्हा तर ऐकाच. मशीनच्या मागं तळहात धरून गरम हवा बघायची, गणिताची वेगळी चिप आहे का विचारायचं, आणि मग अपमान करायचा. वकीलसाहेबांनी हौसेनं रंगीत पडदा दाखवला. सर म्हणाले, "आरतीचं ताट झकास आहे. मशीन कुठाय?" मी हसले म्हणून वकीलसाहेब अजून माझ्याशी बोलत नाहीत. डॉक्टरांचं मशीन सगळ्यात तगडं, पण त्याच्यावर त्यांचा पोरगा गेम खेळायचा. "हत्तीला गल्ली झाडायला लावलाय," सर म्हणाले, पण ते मशीन घेतलं. आमच्या क्लासचं सगळ्यात जुनं. "हा म्हातारा रेडा. चालेल. रेडा बडबड करत नाही." हे माझ्याकडं बघत.

तर डॉक्टर, शेठ आणि आम्ही. बोरीचा चौकोन आमच्याकडं.

दर रविवारी सर सायकलवर फेरी मारायचे. फ्लॉप्या पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात. एका चौकोनाच्या कडेचे आकडे शेजारच्या चौकोनाला नेऊन द्यायला लागायचे, तरच पुढची मोजणी सुरू व्हायची. मी विचारलं, एवढी दगदग कशाला? म्हणाले, "पाण्याला शीव कळत नाही, बाई. माणसालाच कळते."

कधीकधी मीही बरोबर जायचे. डॉक्टरीणबाई आम्हाला चहा द्यायच्या. मला कपात, सरांना काचेच्या ग्लासात. दर वेळी तोच ग्लास. सर तो उजेडात धरून मोठ्यानं म्हणायचे, "वा! कडेला टवका आहे. म्हणजे माझाच. हरवला तर नाही ना म्हणून काळजी होती." डॉक्टरीणबाई लाल व्हायच्या. ग्लास काही बदलला नाही.

जानेवारीत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. चौकाचौकात पोलीस बसले. त्या रविवारी सर फ्लॉप्यांच्या डब्यात पेढे घेऊन निघाले. सगळ्यांनी पेढा हातात घेतला. तोंडात कुणी टाकला ते मला आठवत नाही.

पुढच्या रविवारी डॉक्टरांचा कंपाउंडर दारातच आडवा.

"साहेब म्हणले, मशीनमंदी व्हायरस आलाय. तुमच्या फ्लॉपीतनं."

अहो, तो पोरगा गावभरच्या फ्लॉप्या आणून गेम खेळायचा! मी पळत क्लासवर आले, सरांच्या सगळ्या फ्लॉप्या तपासल्या. एकीतही काही नाही. सरांना ओरडूनच सांगितलं, "सर, तुमच्या फ्लॉप्या एकदम स्वच्छ आहेत!"

सर म्हणाले, "आहेत ना? मग घे, प्रमाणपत्र टाइप कर. गळ्यात घालून फिरतो."

मी फ्लॉप्या परत डब्यात भरल्या.

शेठकडं गेलो, तर शेठ दुकानाच्या पायरीवरच. "डॉक्टरसायबाकडं आला म्हणं. आता आमाला बी भ्याव वाटायलंय."

"कुठला व्हायरस?" सरांनी विचारलं.

"ते मला काय कळतंय सर? पर असतो न्हवं तुमच्या..."

"आमच्या काय?"

शेठनी इकडंतिकडं बघितलं. "फ्लॉपीत हो. फ्लॉपीत."

मोजणी बरीचशी झाली होती. उरलेली, तिन्ही चौकोनांची, आता आमच्या रेड्यावर आली. काका चांगले. काका नाही म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, "सर, मशीन चालूच राहील. मी जात-बीत मानत न्हाई. पर पोरांचे आई-बाप कटकट करायलेत. तुमी फ्लॉपी तेवढी बाहेरूनच देत जा."

मला वाटलं, आता सर काकांना फाडून खातात. ज्या माणसानं वकिलाला सोडलं नाही! पण मार्च जवळ आला होता. सर "बरं" म्हणाले. एवढंच.

तेव्हापासून सर ओट्यावर, ग्रिलच्या बाहेर उभे. मी आत. गजातनं फ्लॉपी यायची, मी ती मशीनला लावायची, पडद्यावरचे आकडे मोठ्यानं वाचायचे. सर उन्हात डोळे मिटून ऐकायचे. "परत वाच. हळू. तू वाचतेस की भांडी पाडतेस?" टायपिंगच्या पोरी तोंडावर रुमाल धरून हसायच्या. एक दिवस एकीनं त्यांच्यामागून ओट्यावर पाणी मारलं. सरांनी पाय उचलला, पाणी वाहू दिलं, पुन्हा पाय ठेवला आणि म्हणाले, "पुढचा आकडा."

शेवटची मोजणी लागली. रेडा रात्रंदिवस चालला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडे हातात येणार, सर ते प्रबंधाला जोडणार आणि नेऊन देणार. आणि दुपारी काका नांदेडहून एका मेकॅनिकला घेऊन आले.

"मशीन धुऊन काढायची. पार कोरी," काका म्हणाले.

"काका, सरांचं उद्या संपतंय! फक्त उद्यापर्यंत!"

"नव्या बॅचचे पालक उद्याच यायलेत. त्यांना काय सांगू? ऊठ तिथनं."

मी कीबोर्डवर दोन्ही हात पसरून बसले. काकांनी माझी खुर्ची धरली आणि माझ्यासकट मागं ओढली. खुर्चीला चाकं होती. पोरी हसल्या. मेकॅनिकला सगळं पुसायला फार वेळ लागला नाही.

सकाळी सर आले. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. काकांनीच पुढं होऊन सांगितलं, अगदी आनंदानं, "सर, काळजी मिटली. आता मशीन एकदम स्वच्छ!"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. फ्लॉप्यांतल्या जुन्या आकड्यांवरून नुसती शेवटची मोजणी परत करायलाही महिना लागला असता, आणि महिना नव्हता. ते सरांना माझ्याआधी कळलं. ग्रिलला धरलेला हात त्यांनी सोडला.

आणि आमचे काका! त्यांना तेव्हाच सुचलं. "सर, एक विचारू का? आपलं बोरीला रान हाय. बोअर घ्यायचाय. तुमच्या त्या गणितात पाणी कुठं दावलंय?"

सर बघत राहिले. मग हसले. इतकं गोड हसताना मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं.

"लिंबाचं झाड आहे ना बांधावर? त्याच्या उत्तरेला घ्या, काका. पाणी खोल आहे, पण आहे. नुसती धूळ निघाली तरी धीर सोडायचा नाही."

काकांनी दोन्ही हात जोडले. सर सायकलवर बसले आणि गेले.

कॉलेजात त्यांच्या जागी प्राचार्यांचा भाचा आला. सरांची खोली रिकामी झाली. कुठं गेले ते घरमालकाला माहीत नाही, बोरीतही कुणी सांगत नाही.

बोरीचा चौकोन मी इतके दिवस मोठ्यानं वाचत होते. मोजणी अपुरी होती खरी, पण लिंबाच्या उत्तरेला खाली नुसता कातळ आहे, एवढं मलाही पाठ झालं होतं. पण मला कुणी विचारलं?

मे महिन्यात बोअरची गाडी लागली. मी मुद्दाम बघायला गेले. पांढरी धूळ असली उडाली म्हणता! लिंब दिसेना, बांध दिसेना. काका हातात नारळ घेऊन उभे, भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. गाडीवाल्यानं यंत्र थांबवलं. "मालक, खाली सगळा दगडच हाय. पाण्याचा वास बी न्हाई. बंद करू का?"

"ए, बंद करू नको," काका ओरडले. "घाल अजून! सर म्हणलेत, धीर सोडायचा न्हाई."