काऊन नावाचं शेवाळ

पुंजाजी शेवाळे संशोधनात पडला तो आडनावामुळं. कुणी विज्ञानाच्या ओढीनं पडतं, कुणी दुसरी नोकरी मिळेना म्हणून पडतं. पुंजाजी हजेरीत पडला. महाराष्ट्र नुकताच जन्मला होता. औरंगाबादेतल्या एका कॉलेजात एम.एस्सी.चा पहिला तास चालू होता आणि वनस्पतिशास्त्राचे, पुण्याहून आलेले डॉ. खांबेटे नावं वाचता वाचता थबकले.

"शेवाळे? गाव कुठलं?"

"लोनार, सर."

"लोणार. 'ण' बाणातला. म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलं ते खाऱ्या तळ्याचं लोणार?"

"हो सर."

"खारं तळं, हिरवं पाणी आणि आडनाव शेवाळे!" सरांनी पेन खाली ठेवलं. "तुमचा विषय ठरला."

पुंजाजीच्या मनात कपाशीचे रोग होते. त्यात निदान कोरड्या जमिनीवर उभं राहता आलं असतं. पण सरांचं ठरल्यावर आपलंही काही ठरवता येतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एम.एस्सी. झाली, तिच्या पाठीला पाठ लावून पीएच.डी. आली, आणि हा गडी लोणारच्या तळ्यात कमरेइतका उभा राहून बाटल्या भरू लागला.

त्या पाण्याला नासक्या अंड्यांचा वास. सोडा एवढा, की धोतराचा सोगा बुडाला तर फेस यावा. मासा नाही, बेडूक नाही. मजेत राहणारा एकच: डोळ्याला न दिसणारा हिरवा धागा. भिंगाखाली धरला की खाटेच्या स्प्रिंगसारखा वेटोळं घातलेला दिसायचा. असे अगणित धागे जमले की तळं हिरवं होतं. हा एवढ्या खारात जगतो कसा आणि बाटलीत जगेल का, एवढंच पुंजाजीला शोधायचं होतं.

बाटलीत तो जगेना. कॉलेजातला शुद्ध सोडा संपलेला, मागणी मुंबईला गेलेली आणि तिकडंच रमलेली. शेवटी पुंजाजीनं घरून पापडखार आणला, पाण्यात कालवला आणि बाटल्या उत्तरेच्या खिडकीत मांडल्या. थोड्याच दिवसांत बाटल्या हिरव्यागार!

प्रयोगशाळेचा शिपाई जब्बार हा धाडचा, म्हणजे जिल्ह्यातलाच माणूस. तो बाटली उजेडाला धरून म्हणाला, "अबे, तुह्या शेवायाले पापड पाह्यजे होता, अन् तू त्याले केमिकल चारून राह्यला होता!"

खांबेटे सरांनी प्रबंधात पापडखाराचं 'क्रूड सोडियम कार्बोनेट' केलं. पुंजाजीलाही ते असंच गाळून घेत होते. "पानी नव्हे, पाणी." "फय नव्हे, फळ." इतक्या वर्षांत पुंजाजीच्या ओठांशी एक जकात नाका बसला होता. प्रत्येक शब्द तिथं थांबायचा, झडती द्यायचा, मग बाहेर पडायचा. त्यामुळं तो फार कमी बोले, आणि कॉलेजात त्याची 'गंभीर संशोधक' अशी कीर्ती पसरली.

मग एका हिवाळ्यात सर स्वतः लोणारला आले.

एसटीतून उतरले, तळ्याचा उतार उतरले आणि नाकाला अत्तराचा रुमाल लावून काठावर उभे राहिले. पुंजाजी पाण्यात, बराच आत. तेवढ्यात काठानं शेळ्या घेऊन झुंबरबाई आली. ही पुंजाजीची सख्खी आत्या. नवरा गेल्यापासून शेळ्यांवर राज्य करणारी, आवाज तळ्याच्या पल्याड जाईल असा. सरांना काही ती कोण हे माहीत नव्हतं, आणि तिलाही सर कोण हे माहीत नव्हतं. तिला पँट दिसली, वही दिसली, आणि हा शेळ्या चारायला बंदी करणारा सरकारी माणूस आहे हे तिनं लगेच ओळखलं.

सर म्हणाले, "बाई, जरा थांबा. हे पाण्यावरचं हिरवं. याला तुम्ही काय म्हणता?"

झुंबरबाईनं पदर सावरला, शेळ्या मागं घातल्या आणि सावधपणे विचारलं, "काऊन?"

आता, वऱ्हाडात 'काऊन' म्हणजे 'का'. काऊन आला, काऊन गेला, काऊन जेवत नाहीस. दिवसाकाठी सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द. पण पुण्यात तो पोचलेला नव्हता.

"काऊन," सरांनी लिहून घेतलं. "वा! सगळे हेच म्हणतात का?"

बाईला वाटलं, साहेब चिडला. तिनं आवाज मऊ केला. "काऊन जी?"

"जी!" सरांचा रुमाल नाकावरून खाली आला. "म्हणजे आदरार्थी रूपही आहे. आणि देवीचं देऊळ इथं काठावरच!"

पुंजाजी बाटल्या घेऊन बाहेर आला तोवर आत्या शेळ्यांसकट पसार झाली होती आणि सर प्रसन्न होते. सर इतके प्रसन्न का, हे विचारायची पद्धत नव्हती.

उत्तर छापून आलं. परदेशी नियतकालिकात सरांचा लेख, खाली बारीक अक्षरात शेवाळे. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: या शेवाळाला स्थानिक लोक 'काऊन' म्हणतात, आणि 'काऊनजी' असा आदरार्थी उल्लेखही ऐकू येतो, यावरून शेवाळाला दैवी मान असावा.

जब्बारनं एकेक अक्षर लावून तो शब्द वाचला आणि तिथंच फरशीवर बसला.

"अबे पुंजाजी, हे तं आपलं काऊन हाये!"

"हळू बोल बे."

"काऊन?"

"पुन्हा तेच!"

"काऊनजी महाराज की जय!" जब्बारचे डोळे पुसून होईनात. "अन् तुह्या थीसिसवर?"

थीसिसवरही तेच होतं. नावातच. 'लोणार सरोवरातील काऊन शेवाळाची वाढ व खारसहनशीलता.' जिल्ह्यात नवी कॉलेजं निघत होती. नावापुढं डॉक्टर लागलं की मेहकरला लेक्चररची जागा पक्की, असं संस्थेच्या लोकांनी कबूल केलं होतं. पण त्या वर्गात सगळी वऱ्हाडी पोरं बसणार. 'काऊन' या विषयातला डॉक्टर फळ्यापर्यंत तरी पोचेल का? आणि खरं सांगावं तर गाइड दुखावणार, आणि दुखावलेला गाइड सही करत नाही, एवढं विज्ञान पुंजाजी पुरतं शिकला होता.

त्यानं एकदा धीर केला. "सर, त्या काऊन शब्दाबद्दल जरा शंका..."

"सुंदर शब्द आहे. मला त्यात द्राविडी मूळ दिसतं."

"तसं नाही सर, आमच्याकडं..."

"शेवाळे, शंका परीक्षकांनी घ्यायच्या असतात. विद्यार्थ्यानं घेतल्या तर परीक्षकांना काय उरेल?" सर मायेनं हसले. "आणि हो, तोंडी परीक्षेला त्या शेळ्यावाल्या बाईंना घेऊन या. बाहेरच्या परीक्षकांना मूळ उच्चार ऐकवू."

झुंबरबाई लगेच तयार झाली. "बीबीचा मकबरा दाखवत असशील तं येतो मी." एसटीत खिडकीशी बसून ती आली. पुंजाजी वाटभर तिला पढवत होता.

"आत्या, त्या सायबानं बाटली दाखवली तं काहीच बोलू नको."

"काऊन?"

"हेच! हेच बोलू नको."

"अस्सं! हेच काऊन नको बोलू?"

पुंजाजीनं कपाळ पुढच्या सीटच्या दांड्याला टेकलं.

परीक्षा खुली होती. पुढं प्राध्यापक, मागच्या बाकांवर जब्बार आणि त्यानं मुद्दाम गोळा केलेली वऱ्हाडी पोरं. बाहेरचे परीक्षक डॉ. इंगवले कोल्हापूरकडचे, झुपकेदार मिशा, बोलणं तोलून मापून. त्यांनी शेवाळाच्या वाढीबद्दल विचारलं, पुंजाजीनं सांगितलं. उन्हाळ्यात काय होतं विचारलं, तेही सांगितलं. मग त्यांनी पान उलटलं.

"हे 'काऊन'. नाव नवीनच आहे. खात्री केलीय?"

खांबेटे सर याच क्षणाची वाट पाहत होते. "साक्षात ऐका. बाई, पुढं या." त्यांनी हिरवी बाटली झुंबरबाईच्या नाकासमोर धरली. "सांगा, याला तुम्ही काय म्हणता?"

झुंबरबाईनं बाटलीकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं. हाच तो पँटवाला! तिनं पुंजाजीकडं पाहिलं. तो मान हलवून नको नको म्हणत होता. पण एवढ्या लोकांत साहेबाला उत्तर न देणं बरं दिसेना.

"काऊन जी?" ती म्हणाली.

"ऐकलंत!" खांबेट्यांनी दोन्ही हात पसरले.

मागचे बाक कोसळले. जब्बारनं तोंडात रुमाल कोंबला तरी आवाज नाकातून फुटला. झुंबरबाई गर्रकन वळली.

"काऊन हासून राह्यले बे पोट्टेहो?"

आता तर भिंतीसुद्धा हसल्या. इंगवल्यांनी टेबलावर पेन आपटलं.

"शेवाळे, काय चाललंय हे? काऊन म्हणजे काय?"

पुंजाजीला समोर खांबेटे सरांचा चेहरा दिसत होता. त्याच चेहऱ्याच्या हातात सही. मागं आत्या, कमरेवर हात ठेवून. जकात नाक्यावर शब्द येऊन थांबला.

"सर... का."

"अहो, का म्हणजे? मला कळावं म्हणून विचारतोय."

"नाही सर. का."

"मी विचारायचं की तुम्ही?"

"तुम्ही विचारलंत, सर. मी उत्तर दिलं."

"काय दिलंत?"

"का."

"शेवाळे!" खांबेटे ओरडले.

पण इंगवल्यांनी हात वर केला. त्यांच्या मिशा हलकेच थरथरू लागल्या होत्या. तोललेली भाषा हातातून सुटली. "थांबा, थांबा. म्हंजे आमच्याकडं 'कशापायी' म्हणत्यात, तसलं हाय व्हय हे?"

"हाव सर!" पुंजाजी ओरडला. नाका उडाला, जकात बुडाली. "तसंच हाये सर! काऊन म्हंजे कशापायी! सरनं आत्याले इचारलं हे काय, तं आत्या म्हने काऊन इचारता? शेवायाचं नाव नाही सर ते, आत्याचा सवाल हाये!"

मग इंगवले असे हसले की टेबलावरचं पाणी सांडलं.

"महाराष्ट्र एक झाला म्हणत्यात," ते डोळे पुसत म्हणाले, "आन् एकमेकाचं 'का' कळंना!"

खांबेटे सरांचा रंग बाटलीसारखा झाला होता. "ही... ही एक प्रश्नार्थक संज्ञा असू शकते, अशी शक्यता मी मनात..."

"असंल, असंल." इंगवल्यांनी प्रबंध मिटला आणि पुन्हा तोलून बोलू लागले. "काम चांगलं आहे. पापडखारात वाढवलंत ना?"

"क्रूड सोडियम..." खांबेटे पुटपुटले.

"पापडखारात, सर," पुंजाजी म्हणाला.

"मग झालं तर. नाव तेवढं खोडा. खरं स्थानिक नाव काय ते विचारून, लिहून आणा. मग आम्ही दोघं सही करतो. दोघंही," ते खांबेट्यांकडं न बघता म्हणाले. त्यानंतर खांबेट्यांना सही नाकारायला तोंड उरलं नाही. (वर्षभरानं त्यांनी लोकभाषेतल्या प्रश्नार्थक वनस्पतिनामांवर आणखी एक लेख छापला. तोही परदेशात. पण ते त्यांचं पुढचं आयुष्य.)

पुंजाजी प्रबंध आणि बाटली घेऊन व्हरांड्यात आला. झुंबरबाई पायरीवर बसली होती, तोंड फुगवून.

"लोकायच्या घरी बलावता अन् हासता. मकबरा दाखव, नाहीतं माही एसटी दाखव."

"आत्या, एकच गोष्ट सांग." त्यानं पेनाचं टोपण काढलं. एका शब्दावर मेहकरची जागा लटकलेली. आणि इतकी वर्षं त्या पाण्यात उभं राहून त्यानं स्वतःच्या माणसांना हे कधी विचारलंच नव्हतं. "खरं खरं सांग. हे तयातलं हिरवं. याले आपल्या गावात काय म्हन्ते?"

झुंबरबाईनं बाटली हातात घेतली. हलवली, उन्हाला धरली, बूच काढून वास घेतला, नाक मुरडलं आणि परत दिली.

"कायले काय म्हनू याले?" ती म्हणाली. "शेयीले नाव असते, बोकडाले असते. हे काय बलावल्यावर येते?"

पुंजाजीनं थोडा विचार केला. मग 'काऊन'वर काट मारली, त्याच्यासमोर बाणातला 'ण' नीट काढून लिहिलं, 'स्थानिक नाव नाही. कारण हाक मारून येत नाही', आणि सह्या घ्यायला आत गेला.