ऑपरेशननंतरचं पहिलं हळदीकुंकू

पन्नाशी उलटली तशी माझी पाठ उजवीकडे कलायला लागली. कमरेचे मणके झिजून सरकत होते आणि पायांकडे जाणाऱ्या नसा दबत होत्या. जरा चाललं की पाय भरून यायचे, मग दिसेल त्या पायरीवर बसायचं. पनवेलच्या बाजारपेठेतली एकही पायरी मी सोडली नसेल. शेवटी हट्टाने मुंबईला जाऊन ऑपरेशन करून घेतलं. मणक्यांत स्क्रू, दोन्ही बाजूंना सळया. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "या वयात सरळ होऊन कुठे मिरवायचंय?" मला मिरवायचं नव्हतं हो. कुणाचा हात न धरता, कुठेही न बसता बाजारात जाऊन यायचं होतं, एवढंच.

नंतर कित्येक महिने गाऊन आणि त्यावर कडक पट्टा. संक्रांतीच्या सुमारास पट्टा सुटला आणि जाऊबाईंकडच्याच हळदीकुंकवाला मी पहिल्यांदा साडी नेसले. ठेवणीतला ब्लाऊज घातला. यांनी रिक्षाने नेऊन सोडलं.

मी दारात उभी राहिले आणि सगळ्या माझ्याकडे वळून बघायला लागल्या.

"अगं बाई! आधी उजवीकडे होतीस, आता डावीकडे झालीस!" जाऊबाई म्हणाल्या.

"डॉक्टरांनी जरा जास्तच ओढलं वाटतं," एकीने निदान केलं. दुसरीने उलट्या कुशीवर झोपायचा सल्ला दिला. एवढं सोसलं ते सगळं पाण्यात! वाणाची प्लॅस्टिकची गाळणी हातात धरून मी रिक्षात ढसाढसा रडले.

घरी आल्यावर यांनी शेजारच्या बांधकामावरून गवंड्याचा ओळंबा मागून आणला. तेव्हा पनवेलात जिकडेतिकडे इमारती उठत होत्या, ओळंब्यांना तोटा नव्हता. यांनी तो माझ्या मानेपासून खाली सोडला, एक डोळा मिटला आणि जाहीर केलं, "दोन बोटं डावीकडे."

जशी काही मी भिंतच! चिडून आत गेले, साडी-ब्लाऊज फेकला, गाऊन घालून बाहेर आले. यांनी पुन्हा ओळंबा धरला.

"अरेच्चा! सरळ झालीस!"

"मग आत जाऊन काय दुसरं ऑपरेशन करून आले?"

यांनीच आतून ब्लाऊज उचलून आणला. उजवा खांदा उतरता, उजवी बाजू आखूड, डावी लांब; सरळ पाठीवर घातला की डावीकडे लोंबणारच! माझी पाठ जशी वाकत गेली, तसतसा आमचा शिंपी मुकाट्याने माझे ब्लाऊज वाकवत गेला होता. मला चकार शब्दाने बोलला नव्हता! माझा पारा चढला. होते नव्हते ते ब्लाऊज पिशवीत कोंबले, गाऊनवर ओढणी घेतली. यांनी सोबत यायला हात पुढे केला. "तुम्ही आधी तो ओळंबा परत करा," म्हणून मी तडक निघाले.

शिंप्याने चष्म्यावरून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. चेहरा पडला त्याचा.

"आधी सांगायचं ना बाई, सरळ होणार म्हणून! तुमचे दोन अजून तसेच शिवून ठेवलेत." आणि सवयीने स्टूल पुढे सरकवलं. "बसा. दमला असाल."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. घरापासून बाजाराच्या पार टोकापर्यंत मी एकटी आले होते, त्याला काय काय सुनवायचं ते मनात जुळवत, आणि वाटेत बसायचं विसरूनच गेले होते. इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

"नको," मी म्हटलं, "उभीच भांडते."