तोंडानं सांगा, बाई

बाईंच्या घरी आया म्हणून कामाला लागली, त्याच सकाळी मावशीने मनाशी खूणगाठ बांधली. या म्हातारीवर उट्टं काढल्याशिवाय इथून हलायचं नाही!

कारणच तसं होतं. पलंगावर पडलेली ही बाई एकेकाळी तिची वर्गशिक्षिका. लहानपणी भर तासात मावशीने करंगळी दाखवली, तर बाई कडाडल्या, "बोटं काय नाचवतेस? तोंड नाही का? मोठ्यानं सांग, सगळ्या वर्गाला ऐकू दे!" पोरगी लाजत कशीबशी बोलली. "आता सुट्टी झाल्यावर," बाई म्हणाल्या. सुट्टीआधीच बाकाखाली व्हायचं ते झालं. "बघा रे, आपल्या वर्गात तळं!" असं हसून म्हणणाऱ्याही बाईच. झालं! शाळा संपेपर्यंत तिचं नाव 'तळं'. तिच्या लग्नातसुद्धा एका मेल्याने तीच हाक मारली.

आणि या बाईला त्यातलं काही आठवू नये? मावशी समोर उभी राहिली, तर वरून खाली बघून म्हणाल्या, "बरं, उशी सरकव." मावशीच्या डोक्यात तिडीकच गेली.

खुब्याचं हाड मोडल्यापासून बाईंना उठता येत नव्हतं. दुखण्यावरच्या गोळ्यांनी पोट जड झालेलं, त्यात शौचाचं भांडं मागायचं मावशीकडेच.

"मावशी, भांडं दे गं."

"स्वयंपाक झाल्यावर."

स्वयंपाक होईपर्यंत कळ जिरून जाई. दुसऱ्या दिवशी, "कपडे वाळत घातल्यावर." रेचकाची बाटली कपाटावर धूळ खात होती. मुलगा कामावरून आला की विचारी, "आईचं पोट साफ होतंय ना?" "होतंय की," मावशी बेधडक सांगे. बाई ऐकत आणि गप्प बसत. पुढेपुढे त्यांनी मागणंच सोडलं. पोट मात्र तट्ट फुगत चाललं.

एका दुपारी बाई जिवाच्या आकांताने ओरडल्या. मावशी धावली. पोट लाकडासारखं कडक, बोट लावू देईनात, कपाळावर घामाच्या धारा. मावशीची पाचावर धारण बसली. क्षणभर वाटलं, जाऊ दे म्हातारीला. पण छे! इतक्या स्वस्तात कशी सुटेल? मला न ओळखताच डोळे मिटणार? "मरायचं नाही हं, सांगून ठेवते!" असं दटावत तिने अँब्युलन्स बोलावली, मग मुलाला फोन केला.

आत साठून दगडासारख्या झालेल्या मळाने आतड्याला भोक पाडलं होतं, घाण पोटभर पसरली होती. बाई वाचल्या, पण आतड्याचं तोंड पोटावर काढून तिथे पिशवी लावावी लागली. सर्जन भडकला, "इतके दिवस कुणी सांगितलं कसं नाही?" मावशी भिंतीला टेकली. आता आपली काही धडगत नाही.

"मीच लपवलं," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर एका सकाळी पिशवी सुटली, चादर भिजली. बाईंनी हातानेच चादर दाखवली. मावशी जागची हलली नाही.

"डॉक्टरांना खोटं का सांगितलंत?"

"तुला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं मी," बाई छताकडे बघत म्हणाल्या. "तळं ना तू?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर माफी मागावी लागली असती."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे पोट फुटलं तरी चालेल, पण माझ्यापुढे नमायचं नाही! ती स्टूल ओढून बसली.

"मग आता मागा."

बाईंनी हात जोडले.

"हात नकोत. तोंड नाही का?"

"चुकलं माझं," बाई पुटपुटल्या.

"मोठ्यानं. सगळ्या घराला ऐकू दे."

"चुकलं! चुकलं माझं!"

मुलगा गालावर दाढीचा फेस घेऊनच धावत आला. "काय झालं, आई?"

"काही नाही दादा, सुट्टी झाली," मावशी म्हणाली, आणि उठून तिने कपाटातून धुतलेली चादर काढली.