माझा सत्कार, दाजींचं भाषण

शकू, ये, अशी जवळ बस. कागदावर का होईना, पण बस. आज मी रागावणार आहे, तेव्हा मध्येच "आक्का, जाऊ दे की" म्हणायचं नाही.

मी देगलूरहून निघाले तो दिवस आठवतो तुला? तू परकरातली पोर, एसटीच्या खिडकीला लोंबकळून रडत होतीस. बाबांनी मला जागेवर बसवलं आणि कंडक्टरला बजावलं, "हिचा नवरा घ्यायला आल्याशिवाय हिला उतरू देऊ नका." मला म्हणाले, "शहर आहे ते. एकटी उंबरा ओलांडू नकोस." हैदराबादला ह्यांना यायला उशीर झाला. सगळी माणसं उतरून गेली तरी मी कुणाच्या तरी विसरलेल्या बोचक्यासारखी बसून राहिले. कंडक्टर बिचारा चहा प्यायलासुद्धा गेला नाही.

चौथी शिकलेली मी. तेलुगू अक्षरं बसच्या पाट्यांवरून जुळवली, इथली हिंदी बेगम बाजारात मिरच्या-धन्यांची घासाघीस करत शिकले. आणि आता ह्या चार-पाच वर्षांत तर सगळंच पालटलं. गल्लीत केबल आली, हिमायतनगरच्या दुकानांत कधी न ऐकलेल्या नावांचे साबण आले, आणि त्या बिनगिअरच्या स्कूटर आल्या. ह्यांनी हौसेनं एक घेतली, दुसऱ्याच दिवशी दूधवाल्याच्या सायकलीवर घातली, आणि वर जुनी चादर टाकून ठेवून दिली. सहा महिने मी त्या चादरीवरची धूळ झटकली. मग एका सकाळी चादर काढली, पदर खोचला आणि गाडी ढकलत शाळेच्या मैदानात नेली.

दोनदा पडले. कोपर सोललं. तिसऱ्या आठवड्यात गाडीवरून कोठीच्या बाजारात जाऊन भाजी घेऊन आले. मग समोरची लक्ष्मी शिकायला आली, शाळेत शिकवते ती. मग ब्लाऊज शिवणारी रझियाबी: "अम्मा, मेरेकू भी सिखाव ना. पडी तो पडी!" पस्तीस-चाळीस बायका तरी झाल्या असतील आजवर. मी मागच्या सीटवर बसून ओरडते, "ब्रेक! ब्रेक लाव गं बाई!" तेलुगू बायकासुद्धा आता मराठीत थांबतात.

तर यंदा महिला दिनाला इथल्या आपल्या मराठी मंडळींनी माझा सत्कार ठरवला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण दिवस बायकांचा, तर स्वयंपाक कुणाचा? बायकांचाच! सकाळपासून मी सत्कारमूर्ती बाकीच्या बायकांबरोबर हॉलच्या मागं पुऱ्या तळत होते. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. ते आता आठवलं की स्वतःचाच संताप येतो. माइकवर माझं नाव पुकारलं तेव्हा माझा घाणा कढईत होता. झारा टाकून हात पुसत धावले, तर स्टेजवर तुझे दाजी! खांद्यावर माझी शाल, हातात माझा नारळ, आणि वर भाषण चाललेलं: "मी हिला कधी अडवलं नाही. पूर्ण मोकळीक दिली." टाळ्या! बायकांच्यासुद्धा!

घरी येऊन विचारलं, "तुम्ही कुणाला शिकवलंत हो?"

"अगं, तूच नव्हतीस तिथं. नारळ कुणीतरी घ्यायला हवा होता ना?"

वाईट माणूस नाही गं. म्हणून तर भांडायलाही धड येत नाही.

हे सगळं मी गिळलं असतं. पण मग तुझं पत्र आलं. तुझ्या लेकीला, वर्षाला, इथल्या कंप्यूटरच्या कंपनीत नोकरी लागली, एक तारखेला हजर व्हायचंय, पोरीनं गावात कुणी केली नाही अशी मजल मारली. आणि तू पत्र कुणाला लिहितेस? दाजींना! "तुम्ही परवानगी दिलीत तरच पाठवते." अगं शहाणे, पोरगी राहणार माझ्याजवळ, डबा करणार मी, गाडी शिकवणार मी, आणि परवानगी दाजींची? त्यांनी पत्र माझ्यापुढं धरून विचारलं, "काय कळवू?" म्हटलं, "तुम्ही काही कळवू नका. मी लिहिते."

म्हणून हे लिहितेय, आणि तू एकटीनं वाचायचं नाहीस. आपल्या ज्या पोरी पुण्या-मुंबईला गेल्या त्यांनाही दाखव. शिकल्या-सवरल्या, पण माहेरी यायचं तर कुणीतरी आणायला यावं म्हणून वाट बघत बसतात. आपण घर सोडलं, पण विचारून पाऊल टाकायची सवय सोबत बांधून आणली. ती मात्र कुठल्या फडताळात ठेवावी ते अजून कळलेलं नाही, मलासुद्धा.

लोक विचारतात, घरची आठवण येते का? येते. तुझ्या हातच्या भाकरीची येते, बाबांच्या खोकल्याची येते. पण आता घर म्हणशील तर ही गल्ली. इथं मी निघाले की रझियाबी दारातून विचारते, "अम्मा, कब आते?" कशाला चाललीस, कुणाला विचारलंस, हे कुणी विचारत नाही. वर्षालाही तेवढंच मिळू दे.

एक तारीख चुकली तर जागा दुसऱ्याला जाईल. तेव्हा शनिवारच्या गाडीनं तिला घेऊन तूच ये. तुझ्या यजमानांना विचारत बसू नकोस, निघतेस एवढं सांग. आठ दिवस राहा. पहिल्या दिवशी पोरीला आपण दोघी मिळून कामावर सोडू. ये गं, लवकर ये.