शेऱ्याचा रकाना

कल्याणच्या मामलेदार कचेरीत मला सगळे ‘विलायती’ म्हणत, कारण मॅट्रिक झालेला मी एकटाच होतो. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, याची मी चौकशी केली नाही.

दरवर्षी प्रत्येक कारकुनाबद्दलचा शेरा इंग्रजीत ठाण्याला जायचा. मामलेदार रावसाहेब मराठीत सांगत, मी इंग्रजी करी, ते सही ठोकत. इंग्रजी त्यांना वाचता येत नसे. सहीला मात्र वीतभर शेपूट असे.

माझ्या शेजारी एक म्हातारे कारकून बसत. कोपर-ठाकुर्लीकडचे शेतकरी जबानी द्यायला आले, की ते लिहिलेलं सगळं मोठ्यानं दोनदा वाचून दाखवत आणि मगच सहीच्या जागी नांगराची निशाणी काढू देत. बाकीचे कारकून आधी निशाणी घेत, मजकूर मागाहून भरत. त्यांचं काम अर्थातच लवकर उरके.

त्या वर्षी रावसाहेब म्हणाले, “म्हातारा संथ आहे, पण चोख. घाला तुमच्या इंग्रजीत.”

संथ म्हणजे स्लो, हे मला ठाऊक होतं. हे सगळे शब्द मी घोकलेले होते. स्लो माणूस काम करतो, फक्त वेळ घेतो. आयडल माणसापुढे काम नसतं. त्यात त्याचा दोष असेलच असं नाही. लेझी माणसापुढे काम असतं, पण त्याला ते नको असतं. इंडोलंट म्हणजे तोच लेझी, लोडाला टेकलेला. पण स्लो हा शब्द मला फार पोरकट वाटला. शेरा ठाण्याचा साहेब वाचणार होता. मी ‘इंडोलंट’ लिहिलं. रकाना चिंचोळा होता. ‘चोख’ला जागा उरली नाही.

दोन महिन्यांनी हुकूम आला, म्हाताऱ्यांना कामावरून कमी करावं. पेन्शनीला त्यांची दोनच वर्षं उरली होती. कागद घेऊन ते माझ्याकडेच आले.

“अहो विलायती, साहेबानं काय तारे तोडलेत बघा. कशापायी काढलंय मला?”

हुकुमात माझाच शब्द होता. मी म्हणालो, “संथपणामुळे, काका.”

“हात्तिच्या. मग खोटं कसं म्हणू? मला वाटलं, आळशी म्हणाले की काय. तसं असतं तर ठाण्यापर्यंत भांडलो असतो.”

भांडता आलं असतं. दाद मागायला महिन्याची मुदत होती. अर्ज इंग्रजीत मलाच लिहावा लागला असता आणि शेरा चुकला म्हणताना तो कोणी चुकवला, हेही त्यात आलं असतं. मी कागदाची घडी घालून त्यांना परत दिला.

महिनाभर ते देवळात जाताना खिडकीशी थांबून विचारत, “काय विलायती, काम फार का?” मुदत संपली त्या दिवशीही त्यांनी विचारलं. मी फार आहे म्हणालो.