खारीच्या फोटोतला हात

भाऊ खारीचा फोटो काढताना खारीकडे बघत नसत. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात, पण मी डोळ्यांनी पाहिलंय. कॅमेरा तिपाईवर, बोट खटक्यावर आणि नजर बायकोच्या हातावर. वैनी जांबाच्या झाडाखाली भुईमुगाचे दाणे टाकून बसायच्या आणि वर खारीकडे टक लावायच्या. खार आता एका झाडावरून दुसऱ्यावर उडणार असं वाटलं की त्या हात वर करायच्या आणि भाऊ खटका दाबायचे. तोंडानं सांगायची सोय नव्हती. नुसतं हूं केलं तरी खार पसार.

ह्याला कारण कॅमेरा. त्यात वरून वाकून बघावं लागायचं, आणि त्याच्या काचेत डावं-उजवं उलटं दिसायचं. खार उजवीकडे धावली की काचेत डावीकडे. "ह्या डब्यात पाहून खारीच्या मांगं लागलं तं माणूस भिंतीवर जाऊन आदळते," भाऊ म्हणायचे. म्हणून त्यांनी कडुनिंब आणि जांब यांच्या मधली जागा काचेत नेमून ठेवली होती. खार तिथूनच उडायची. कधी उडेल ते फक्त वैनींना कळायचं.

सदर भागातल्या एका स्टुडिओत भाऊ कॅमेऱ्यावर होते आणि मी मागच्या खोलीत रिटचिंगला. निगेटिव्हवर पेन्सिलीनं सुरकुत्या भरायच्या, देवीचे व्रण बुजवायचे, पात्यानं नको ते खरवडून काढायचं, हे माझं काम. लग्नाच्या फोटोत मागे डोकावणारा एखादा आगंतुक मामा मी असा गायब करायची की त्याच्या बायकोलाही पत्ता लागू नये. माझ्या हाताचा मला गर्व होता, आता लपवून काय करायचं.

शनिवारी रोलमध्ये दोन-तीन फोटो उरले की मालक कॅमेऱ्यासकट तो भाऊंना घरी नेऊ देत. सोमवारी मी रोल धुवायची. आधी गिऱ्हाइकांची बारशी, साखरपुडे, आणि शेवटी भाऊंची खार. म्हणजे रिकामी हवा, किंवा नुसती शेपटी, किंवा धुरकट काहीतरी. चार उन्हाळे हेच चाललं होतं. मी एकदा वैतागून म्हटलं, "भाऊ, दाणे खाताना बसते ना ती, तेव्हा घ्या की फोटो."

"बसली तं तो उंदीर हाये," ते म्हणाले. "उडाली तं खार. बसलेल्याचे फोटो मी आठवडाभर काढूनच राह्यलो ना."

वैनी मात्र कधी फोटोत आल्या नाहीत. गावी, खाप्याला, त्यांचं लग्न झालं तेव्हा फोटोवाला आणण्याची ऐपत नव्हती, आणि पुढे भाऊंनी कॅमेरा रोखला की त्या तोंडाला पदर लावून आत पळायच्या. "माह्या तोंडात काय पाहाचं हाये? खारीले पाहा." भाऊही आग्रह करत नसत. बायको काही उडून जात नाही, घरातच आहे, असं त्यांना वाटत असावं. आम्हा सगळ्यांनाच तसं वाटायचं.

पाचव्या उन्हाळ्यात फोटो मिळाला. मी रोल पाण्यातून वर काढला आणि भाऊंना हाक मारली. चारही पाय पसरलेले, शेपटी सरळ, मिशासुद्धा मोजून घ्याव्यात. भाऊ बराच वेळ बघत राहिले आणि "आली" एवढंच म्हणाले. खाली डाव्या कोपऱ्यात वैनींचा हातही आला होता. त्या दिवशी त्या जरा पुढे सरकून बसल्या असाव्यात.

मी म्हटलं, छोटी कॉपी काढून देते. "इतक्या वर्षानं आली, अन् तिकिटाएवढी काहून काढाची? काढू तं मोठी काढू. चांगला कागद येऊ दे." निगेटिव्ह कागदात गुंडाळून ते वैनींना दाखवायला घेऊन गेले. मीही सोबत गेले. वैनींनी ते दारातल्या उजेडात धरलं आणि हसायलाच लागल्या. "अवं माय, मधातच माहा हात! चांगला फोटो खराब केला मी. तू पुसून टाक वं हे."

"टाकते," मी म्हटलं आणि निगेटिव्ह परत स्टुडिओत आणून ठेवलं.

पावसाळ्यात वैनींना धाप लागायला लागली. दवाखान्यात पंधरा दिवस होत्या, आणि परत आल्या नाहीत. तेरवी आटोपून भाऊ कामावर आले ते निम्मे होऊन. गिऱ्हाइकाला "हसा" म्हणायचंही विसरायचे. माझ्याच्यानं ते बघवेना. मनात आलं, खारीचा फोटो मोठा करून द्यावा, तेवढाच जिवाला विसावा. वैनींना दिलेला शब्दही होताच. तीन दुपारी भिंग लावून, श्वास रोखून, मी तो हात खरवडून काढला. कोपऱ्यात सावली होती, त्यामुळे काम बेमालूम झालं.

फोटो हातात दिला तेव्हा भाऊंची नजर सरळ कोपऱ्यात गेली.

"हात कुठं गेला वं?"

"काढला, भाऊ. वैनीच म्हणाल्या होत्या ना."

त्यांनी निगेटिव्ह मागितलं. खिडकीशी धरलं, आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं. "चोख काम हाये," ते म्हणाले. "कुठं होता तेबी समजत नाही." मग पुढचं गिऱ्हाईक आलं आणि ते लाइट लावायला गेले. दोन शिव्या दिल्या असत्या तर मी जन्मभर त्यांची ऋणी राहिले असते.

त्यानंतर त्यांनी शनिवारी कॅमेरा घरी नेला नाही. दोनेक वर्षांनी नोकरी सोडून खाप्याला भावाकडे निघाले. निरोपाला मागच्या खोलीत आले, तेव्हा मी एकदाची माफी मागितली.

"तुह्या जागी मी असतो तं मीबी काढला असता. आपला धंदाच तो हाये." हातातली पिशवी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तू तं भिंगातून पाहिला. बोटं उघडी होती का मिटलेली?"

मला आठवेना. खूप आठवून पाहिलं. त्यांना बरं वाटावं म्हणून खोटं सांगायचंही सुचलं नाही. तीन दुपारी मी त्या हातावर वाकले होते, बोटामागून बोट खरवडत होते, पण हात म्हणून मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. डाग म्हणून पाहिलं होतं.

"राहू दे," भाऊ म्हणाले, आणि पिशवी उचलून गेले.