खातूनबीने उघडलेलं चाक

"चाक खोटं बोलत न्हाई. खोटं बोलतो तो वर बसणारा."

मोशीच्या फाट्यावर चिंचेखाली बसून खातूनबी हे दिवसातून चारदा तरी म्हणायची. कुणी सांगितलं, "भाभी, कालच पंक्चर काढलंय, दुसरीकडनं हवा जातीय," की ती ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवायची. जुन्या ठिगळाच्या कडेनंच बुडबुडा वर यायचा. ती त्यावर बोट ठेवायची, गिऱ्हाइकाकडं बघायची आणि हे वाक्य म्हणायची.

दुकान मूळचं तिच्या नवऱ्याचं, बरकत मिस्त्रीचं. बासष्ट साली पिंपरीकडं कारखान्यांची धुराडी उभी राहू लागली आणि मोशी, निघोजे, चऱ्होलीची पोरं नांगर भावाच्या हाती देऊन सायकलीवर बसली. तेव्हा बरकतनं चिंचेला दोर बांधून त्यावर टायर अडकवले. त्याचा एकच नेम होता. कामगाराची सायकल दुकानात मोडकी निजता कामा नये. सकाळी सातचा भोंगा कुणासाठी थांबत नाही.

सहा वर्षांनी बरकत काविळीनं गेला. चाळीस दिवस झाल्यावर खातूनबी पदर खोचून त्याच्या पाटावर येऊन बसली. माणसं सायकल धरून नुसती उभी राहिली.

"काय बघताय?" ती म्हणाली. "सहा वर्सं मी त्याला पाने काढून देत हुते. कुठला पाना कुठं लागतो ते मला ठावं हाय. द्या हिकडं."

त्या दिवशी तिनं डगडगणाऱ्या तीन चाकांचा आउट काढून ती सरळ केली. तिन्ही अशी फिरली की जणू पाण्यावरनं चालली. पुढं कुणी विचारलं नाही.

त्र्याहत्तर सालच्या कार्तिकातली गोष्ट. निघोज्याचा खंडू पहिली पाळी करून घरी निघालेला. सकाळी जाताना त्यानं तिच्याकडनंच हवा भरून घेतली होती. इंद्रायणीच्या पुलाकडं रस्ता उतरतो, तिथं मोशीच्या दौलतरावांच्या पांढऱ्या मोटारीखाली तो सापडला. दौलतरावांनी स्वतःच त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. गावानं वाहवा केली. सायकल कुणीतरी उचलून चिंचेखाली आणून टाकली.

मागचं चाक चेपलेलं, मडगार्ड आत गेलेलं. धनी दवाखान्यात आणि सायकल अशी, हे खातूनबीला बघवेना. तिनं बरकतचा नेम पाळला. दिवस मावळायच्या आत रिम ठोकून सरळ केली, तारा बदलल्या, मडगार्ड आतनं हातोडीनं उचललं, वर काळा रंग फासला. खंडू उठेल तेव्हा सायकल उभी पाहिजे, एवढंच तिच्या मनात होतं.

तिसऱ्या दिवशी हवालदार पंचनाम्याला आला. सायकल धडधाकट उभी. त्यानं कुणाला काही विचारलं नाही, तसंच लिहिलं आणि गेला.

खंडूच्या मांडीचं हाड जुळलं, पण पाय दोन बोटं आखूड झाला. यंत्रापुढं आठ तास उभं राहायचं काम त्याला जमेना. कंपनीनं त्याला कमी केलं. त्याच्या वकिलानं पुण्याच्या कोर्टात भरपाईचा दावा लावला. त्यावर वर्षभरानं दौलतरावांचं उत्तर आलं, ते ऐकून खंडूची बायको सरूबाई पायी मोशीला आली.

"भाभी, त्ये म्हंत्यात मोटार लागलीच न्हाई. ह्योच तोल जाऊन पडला, म्या दया म्हणून उचलला. पंचनाम्यात सायकलीला वरखडाबी न्हाई." सरूबाई पाटाच्या कडेला बसली. "पायाचं एक वेळ सोसलं. पर आता लोक आमच्या ह्यांना लबाड म्हंत्यात. ज्यानं दवाखान्यात नेला त्याच्यावरच दावा लावला म्हंत्यात."

खातूनबीच्या हातातला पाना थांबला.

"वरखडा हुता, सरू. म्या पुसला."

"तुमी तर चांगल्यासाठीच..."

"चांगल्यासाठी केलं, म्हणून ते बरोबर हुत न्हाई. सायकल कुठं हाय?"

"घरातच. तुमच्याकडनं आणल्यापास्नं कुणी हातबी लावला न्हाई."

"लावू नका. वकिलाला सांग, माझं नाव घाल म्हणावं."

ही बातमी गावात यायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दौलतराव चिंचेपाशी उतरले. चिंच त्यांच्या बांधावरची. चिंचेखालची जमीनही त्यांचीच.

"खातून, कोर्टात जाणार म्हणं तू."

"व्हय."

"जागा कुणाची हाय, ठावं हाय न्हवं?"

"तुमची हाय. बरकतबी तुमचं नाव घेऊनच बसायचा."

"मग? त्या निघोजेकरासाठी कशाला वैर घेतीस? बाईमाणसाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहाणं शोभतं व्हय?"

"खोटं लिहून देणं मालकाला शोभलं, तर खरं बोलणं मला शोभंल." तिनं टायरमध्ये लोखंडी चमचा घालून टायर उचकटला. "तुमची गाडी जरा म्होरं घ्या, मालक. गिऱ्हाइकं थांबल्यात."

दौलतराव हसले. पण गाडी पुढं घेतली.

पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात तारीख लागली. खंडूची सायकल एसटीच्या टपावर चढवून खातूनबी शिवाजीनगरला गेली. कोर्टात तिनं ती न्यायाधीश साहेबांच्या पुढ्यात उभी केली. लोक गालात हसले. दौलतराव पहिल्या बाकावर बसले होते.

त्यांच्या वकिलानं पंचनामा वाचला. "बाई, सायकल सुस्थितीत होती की नव्हती?"

"सुस्थितीत हुती. त्याच दिवशी म्या दुरुस्त केली हुती. चूक माझी हाय, साहेब. ती म्या पदरात घेते."

"म्हणजे मोडली होती, हे तुम्ही म्हणता म्हणून."

"म्या म्हणते म्हणून नगा धरू. चाक उघडू द्या."

साहेबांनी मान हलवली. खातूनबी फरशीवर बसली. पिशवीतनं दोन चमचे काढले, हवा सोडली आणि टायर-ट्यूब एका अंगानं ओढून काढली. कोर्टात रबराचा वास पसरला. मग तिनं रिमच्या आतल्या अंगाला बोट लावलं.

"वरनं सरळ दिसतं, कारण ते काम माझंच हाय. आत बघा. लोखंडाची घडी ठोकून उलगडते, पर मोडते तिथं रेघ राहातीच. त्या रेघंत गंज भरलाय. ह्यो गंज काल चढलेला न्हाई."

वकील पुढं आला. "खड्ड्यात आदळली तरी रिम चेपते. पडल्यावरही चेपते."

"आडवी पडली तर चाक आडवं वाकतं, पापडागत. हे उभं दबलंय, आसाकडं. खड्ड्यात उभं दबतं, हे तुमचं खरं हाय." ती उठली. सायकल उलटी करून तिनं मागचं मडगार्ड साहेबांपुढं धरलं. "पर मडगार्ड कुठल्या खड्ड्यात जातं, वकीलसाहेब? हितं आतनं हात घाला. मागनं दबून आत गेलं हुतं ते. वरनं रंग हाय, आत माझ्या हातोडीचे घाव हायत. मोजून घ्या."

वकिलानं हात घातला नाही. साहेब खुर्चीवरून उठले, खाली आले, बाही वर करून त्यांनी मडगार्डच्या पोटातनं बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग हाताला लागलेलं काळं रुमालाला पुसत त्यांनी दौलतरावांकडं पाहिलं.

"आणि त्या सकाळी," खातूनबी म्हणाली, "म्याच हवा भरली हुती. तवा ते चाक आन मडगार्ड दोनी सरळ हुती. चाक खोटं बोलत न्हाई, साहेब."

पुढचं अर्धं वाक्य तिनं मनातच ठेवलं. बाकावर बसणाऱ्याला ते कळलं असावं, कारण तो खाली बघत होता.

निकाल आषाढात लागला. मोटारीनं मागून धडक दिली असं साहेबांनी लिहिलं आणि दावा खंडूच्या बाजूनं गेला. खंडू काठी टेकत चिंचेखाली आला, तर खातूनबी दोरावरचे टायर उतरवत होती.

"भाभी, हे काय? मालकानं काढलं व्हय?"

"अजून सांगावा यायचाय. त्यानं काढायच्या आधी म्या निघते. उठ म्हटल्यावर उठायची सवय न्हाई मला."

"आमच्या दाराशी बसा. जागा आपलीच हाय."

"कुणाच्याच दाराशी न्हाई बसणार, खंडू. पुलाच्या पल्याड सरकारी सडकंची कड हाय. तिथं ऊन लागंल. लागू दे."

तिनं बरकतच्या सायकलीला हत्यारांची पेटी बांधली, घमेलं कॅरिअरवर ठेवलं, पंप खांद्याला लावला. पहिली पाळी सुटून आलेली माणसं फाट्यावर सायकलीवरनं उतरली. तिला वाट द्यायला ती दोन्ही कडांना सरली. सायकल हातात धरून ती उतारावरनं पुलाकडं चालू लागली, मागं न बघता, आपल्या नेहमीच्या चालीनं.

चिंचेखाली तेलानं काळी झालेली जमीन तेवढी उरली. तिच्या कडेला, मोटारीला टेकून, दौलतराव उभे होते. ती पूल ओलांडून पल्याडच्या वळणाला लागेपर्यंत ते बघत राहिले.